गाणारा पक्षी आणि शार्क: धोक्यात आलेल्या दोन प्रजातींची तुलना नीट कशी करायची

धोक्यात आलेला एखादा गाणारा पक्षी आणि धोक्यात आलेला एखादा शार्क यांची तुलना करायची म्हटलं की बहुतेक जण आधी काय करतात तर एक टेबल काढतात. डावीकडे पक्षी, उजवीकडे शार्क, मग लांबी, वजन, रंग, खाणं, राहणं, संख्या, आणि शेवटच्या ओळीत "दोघांनाही माणसापासून धोका". टेबल भरतं पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण एकाला पंख आहेत आणि दुसऱ्याला कल्ले हे त्याला आधीच माहिती होतं. माझ्या मते अशा तुलनेत विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे: यातला एक मोठा, पिल्लं देऊ शकणारा जीव आज मेला तर त्याची जागा भरायला किती वर्षं लागतील, आणि ती जागा आपोआप भरेल का कोणीतरी मुद्दाम काही केल्याशिवाय भरणारच नाही? हा प्रश्न पकडून ठेवलात ना की कुठली माहिती घ्यायची आणि कुठली सोडून द्यायची ते आपोआप कळायला लागतं.

प्रोजेक्ट असेल, लेख असेल, भाषण असेल, काहीही असो, पद्धत तीच. नुसती पद्धत सांगितली तर ती हवेतच राहते म्हणून मी एक जोडी घेऊन करून दाखवतो.

जोडी निवडताना

पहिली गोष्ट, दोन्ही प्रजाती शक्यतो एकाच देशातल्या किंवा एकाच भागातल्या घ्या. म्हणजे कायदा एक, नोंदी ठेवणाऱ्या संस्था साधारण त्याच, काळही तोच, आणि मग जो फरक दिसतो तो प्राण्यांमधला असतो, देशादेशातला नसतो. मी ऑस्ट्रेलियातली जोडी घेतोय: रीजंट हनीईटर हा पक्षी आणि ग्रे नर्स शार्क. दोघेही न्यू साउथ वेल्स राज्यात आहेत, एक डोंगराआतल्या निलगिरीच्या जंगलात, दुसरा किनाऱ्याजवळच्या खडकांच्या घळींमध्ये.

रीजंट हनीईटर साधारण वीस-बावीस सेंटीमीटरचा, डोकं काळं, छातीवर फिकट पिवळ्या खवल्यांची नक्षी, पंखांवर आणि शेपटीवर झळझळीत पिवळा रंग, आणि डोळ्याभोवती खडबडीत उघडी कातडी. मध खाणारा पक्षी आहे, निलगिरीच्या काही ठराविक जातींना फुलोरा आला की तिकडे जातो, बांडगुळाच्या फुलांवरही जगतो, आणि फुलं जिथे असतील तिथे भटकत राहतो. एकेकाळी ह्यांचे मोठमोठे थवे असायचे, ॲडलेडपासून क्वीन्सलँडपर्यंत. आता साउथ ऑस्ट्रेलियातून गेलेच, व्हिक्टोरियात जेमतेम उरलेत, आणि रानात एकूण तीनशेच्या आसपास पक्षी असावेत असा अंदाज आहे.

ग्रे नर्स शार्क तीन मीटरपर्यंत वाढतो, तोंड मिटलेलं असलं तरी सुळ्यांसारखे वाकडे दात बाहेर दिसतात, आणि त्या दातांनीच त्याचा घात केला, कारण बघणाऱ्याला हा माणूस खाणाराच वाटायचा. प्रत्यक्षात शांत, हळू पोहणारा मासा आहे. माशांना तरंगायला पोटात हवेची पिशवी असते ती शार्कला नसते, तर हा वर येऊन तोंडाने हवा गिळतो, पोटात धरून ठेवतो आणि मग घळीत जवळजवळ न हलता लटकून राहतो. पाण्याखाली तो असा स्थिर दिसतो, आणि १९५०-६० च्या दशकांत भाला घेऊन उतरणाऱ्यांना तो असाच स्थिर सापडायचा. किती मारले गेले त्याचा नीट हिशोब कोणी ठेवला नाही, पण पूर्व किनाऱ्यावरची संख्या त्या काळात कोसळली. १९८४ मध्ये न्यू साउथ वेल्सने त्याला कायद्याने संरक्षण दिलं, जगात शार्कच्या एखाद्या जातीला असं संरक्षण मिळण्याची ती पहिली वेळ.

आता सगळ्यात जास्त फसवणारी पायरी

दोन्हीच्या पुढे "अतिसंकटग्रस्त" लिहिलेलं दिसलं की लोक खूष होतात, चला, दोघे सारखेच. थांबा. कोणी लिहिलंय आणि कशाबद्दल लिहिलंय ते बघा. आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची रेड लिस्ट (धोक्यातल्या प्रजातींची यादी) पूर्ण प्रजातीबद्दल बोलते, जगभरातली. ग्रे नर्स शार्क हीच प्रजाती अमेरिकेच्या किनाऱ्यावर सँड टायगर म्हणून ओळखली जाते आणि दक्षिण आफ्रिकेत रॅग्ड-टूथ म्हणून, आणि या सगळ्या मिळून रेड लिस्टवर ती अतिसंकटग्रस्त आहे. ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय कायदा मात्र आपल्या किनाऱ्यांवरच्या दोन गटांना वेगळं धरतो, पूर्व किनाऱ्यावरचा गट अतिसंकटग्रस्त आणि पश्चिमेकडचा त्याच्यापेक्षा खालच्या पायरीवर, असुरक्षित. रीजंट हनीईटरचं तसं नाही, तो ऑस्ट्रेलियाबाहेर कुठेच नाही, त्यामुळे "देशातली संख्या" आणि "जगातली संख्या" एकच. २०१५ मध्ये देशाच्या कायद्यानेही त्याला अतिसंकटग्रस्तच्या यादीत टाकलं.

म्हणजे तुम्ही "तीनशे पक्षी आणि इतके शार्क" असं लिहिलंत तर एका बाजूला अख्खी प्रजात आहे आणि दुसऱ्या बाजूला एका किनाऱ्यावरचा गट. तुलना करता येते, त्यात गैर काही नाही, पूर्व किनाऱ्यावरचा हा गट बाकीच्या शार्कपासून वेगळा पडलेला आहे, तो संपला तर दुसरीकडून येऊन कोणी भरणार नाही, त्यामुळे त्याला एक स्वतंत्र एकक धरायला हरकत नाही. पण तसं एका वाक्यात स्पष्ट लिहा. हे एक वाक्य नसल्यामुळे अख्खी तुलना चुकीची ठरलेली बघितलीय, आणि वाईट वाटतं कारण बाकी मेहनत खरी असते.

याच्याच जोडीला, यादीत ज्या वर्गात टाकलंय तो कुठल्या निकषावर टाकलाय ते शोधा. रेड लिस्टचे पाच निकष आहेत, ए ते ई. ए म्हणजे संख्या किती वेगाने घटली, बी म्हणजे राहण्याचं क्षेत्र किती लहान झालं, सी आणि डी संख्येबद्दल, ई म्हणजे गणिती मॉडेलने काढलेली नष्ट होण्याची शक्यता. पाचातला कुठलाही एक लागू झाला की पुरे. म्हणून एखाद्या प्रजातीचे हजारो जीव शिल्लक असूनही ती अतिसंकटग्रस्त असू शकते, कारण ती पूर्वी लाखात होती आणि ८० टक्क्यांहून जास्त घटली, आणि दुसरी प्रजात फक्त २५० पेक्षा कमी मोठे जीव उरलेत आणि तेही घटतायत म्हणून त्याच वर्गात असू शकते. लेबल सारखं, कथा अगदी वेगवेगळी. लेबल लिहून झालं की त्याच्यामागचं अक्षर पण लिहायची सवय लावा.

आणि ए निकषात एक बारकी पण फार महत्त्वाची गोष्ट आहे, घट कधीपासून मोजायची. १० वर्षं किंवा तीन पिढ्या, यातलं जे जास्त असेल ते. समजा एका पक्ष्याची पिढी पाच वर्षांची, तर १५ वर्षं मागे जायचं. एखाद्या शार्कची पिढी वीस वर्षांची असेल तर साठ वर्षं मागे. दोघांच्या पुढे "८० टक्के घट" लिहिलं असलं तरी एकाची घट एका माणसाच्या नोकरीच्या काळात झाली आणि दुसऱ्याची आजोबांच्या काळापासून चालू आहे. ग्राफ काढणार असाल तर खालच्या रेषेवर वर्षं न टाकता पिढ्या टाकून बघा, चित्र एकदम बदलतं.

आकडा कुठून आला ते विचारा

पक्षी आणि शार्क मोजायच्या पद्धती इतक्या वेगळ्या आहेत की आकडे शेजारी शेजारी ठेवण्याआधी दोन्हींच्या मागे काय काम झालंय ते समजून घ्यायलाच लागतं. ह्या भागात थोडा वेळ काढा, कारण इथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं.

रीजंट हनीईटर मोजणं भयंकर अवघड आहे. लाखो चौरस किलोमीटरचा भाग, त्यात जेमतेम तीनशे पक्षी, आणि ते एका जागी राहत नाहीत. यंदा एका खोऱ्यात फुलोरा आला म्हणून दहा जोड्या दिसल्या, पुढच्या वर्षी त्याच खोऱ्यात एकही नाही. मग ते मेले का दुसरीकडे गेले? ब्लू माउंटन्सच्या पलीकडची केपर्टी व्हॅली ही ह्यांची ठरलेली जागा समजली जाते, तिथे नदीकाठच्या झाडांवरच्या बांडगुळातही घरटी करतात, पण तिथेही दरवर्षी सारखे येत नाहीत. म्हणून संशोधक आधी फुललेली झाडं शोधतात, मग तिथे ह्या पक्ष्याचा आवाज स्पीकरवर वाजवून कोणी उत्तर देतंय का बघतात, पायात रंगीत कड्या घालून एकेक पक्षी ओळखतात. पक्ष्याच्या बाबतीत "दिसला नाही" याचा अर्थ "नाही" असा होत नाही, हे तुमच्या लेखात आलंच पाहिजे.

शार्कचं उलट. ग्रे नर्स ठराविक जागांवर जमतात, सिडनीजवळ मॅजिक पॉइंट, उत्तरेला फिश रॉक, क्वीन्सलँडमध्ये वुल्फ रॉक, आणि डायव्हिंग करणाऱ्यांना ह्या जागा पाठ आहेत. त्यांच्या अंगावर तपकिरी ठिपके असतात, प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे फोटोवरून एकेक शार्क ओळखता येतो, फक्त एक अडचण आहे, डाव्या बाजूचे ठिपके आणि उजव्या बाजूचे ठिपके वेगळे असतात. म्हणजे तुमच्याकडे एका शार्कचा फक्त डावा फोटो आहे आणि माझ्याकडे फक्त उजवा, तर आपण एकाच शार्कला दोन धरून बसू. म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो जुळवावे लागतात. साधे हौशी डायव्हर हे फोटो काढून संशोधकांना देतात आणि त्यातून खरंच उपयोगी माहिती तयार झालीय, मला हे फार मोलाचं वाटतं.

आता आकड्यांकडे बघा. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाण्यात उतरून केलेल्या मोजण्यांवरून पूर्व किनाऱ्यावर काही शे शार्क उरलेत असं मानलं जायचं. नंतर सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी डीएनए वापरून वेगळ्या पद्धतीने अंदाज काढला तो साधारण दोन हजार मोठे शार्क असा आला. पटकन वाचणारा म्हणेल वा, पंधरा वर्षांत चारपट झाले! तसं नाहीये, होऊच शकत नाही, कारण शार्क इतक्या वेगाने वाढत नाहीत. पद्धत बदलली. डीएनएवाल्या पद्धतीत जमलेल्या नमुन्यांमध्ये सख्खी-सावत्र भावंडं किंवा पालक-पिल्लू अशा नात्यातल्या जोड्या किती निघतात ते बघतात. गट लहान असेल तर नातेवाईक वारंवार सापडतात, गट मोठा असेल तर क्वचित, आणि त्यावरून किती मोठे जीव असतील ते काढतात. ठरलेल्या जागांवर न दिसणारे शार्कही यात हिशोबात येतात. त्याच कामातून गट हळूहळू वाढत असावा असंही दिसलं, पण ती वाढ अगदी थोडी आहे. दोन काळांतले आकडे शेजारी लिहिताना पद्धत तीच आहे का ते बघितल्याशिवाय "वाढ" किंवा "घट" हा शब्द लिहू नका. हे पक्ष्याला पण लागू, शार्कला पण.

मग खरा हिशोब: जागा भरायला किती वेळ

इथे कागद पेन घ्या.

ग्रे नर्सची मादी साधारण दहा वर्षांची झाली की पिल्लं द्यायला लागते. तिला दोन गर्भाशयं असतात. प्रत्येकात सुरुवातीला बरेच गर्भ असतात पण त्यातला जो सगळ्यात आधी मोठा होतो, ज्याला आईच्या पोटातच दात येतात, तो बाकीच्या भावंडांना खातो आणि नंतर आईने सोडलेली फलन न झालेली अंडी खात राहतो. शेवटी प्रत्येक बाजूला एकच उरतो. म्हणजे एका वेळी दोन पिल्लं, पण जन्मतानाच सुमारे मीटरभर लांब. आणि हे दर दोन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा. समजा एक मादी दहाव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंत व्यवस्थित पिल्लं देत राहिली, तर पंधरा वर्षांत साधारण पंधरा पिल्लं, त्यात माद्या सात-आठ, आणि त्यातल्याही सगळ्या मोठ्या होणार नाहीत. ती अकराव्या वर्षी गळाला लागून मेली तर तिच्या मागे एकच वेत, दोन पिल्लं, सरासरी एक मुलगी, जी अजून दहा वर्षं जगली तरच आईची जागा भरली.

रीजंट हनीईटर वर्षा-दोन वर्षांत जोडी करायला लागतो. दोन किंवा तीन अंडी, चौदा-पंधरा दिवसांत पिल्लं बाहेर, आणखी साधारण सोळा दिवसांत ती घरटं सोडतात. फुलोरा चांगला असेल आणि पहिलं घरटं मोडलं तर पुन्हा प्रयत्न करू शकतात. कागदावर बघितलं तर मेलेल्या पक्ष्याची जागा पुढच्या हंगामात भरली जाऊ शकते. शार्कला दहा वर्षं, पक्ष्याला एक-दोन.

मग या हिशोबाने पक्षी सुरक्षित आणि शार्क संकटात असायला हवा होता ना? आणि प्रत्यक्षात शार्कचा गट हळूहळू सावरतोय असं दिसतंय आणि पक्षी घटतोच आहे. तुमच्या तुलनेत असा विरोध सापडला की तिथे थांबा, बाकीचं सगळं कमी करा पण इथे जास्त लिहा. कारण वाचणाऱ्याला जे कुठेच मिळणार नाही ते इथे आहे.

गळती कुठे आहे

टाकीतलं पाणी कमी होत असेल तर दोन कारणं असतात, खालून गळतंय किंवा वरून येत नाहीये, आणि दोन्हींची दुरुस्ती वेगळी. शार्कच्या बाबतीत गळती आहे: मोठे जीव मारले जातात. आधी भाले, नंतर मासेमारीचे गळ आणि पोहणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी लावलेली जाळी (सिडनीजवळ ही जाळी १९३७ पासून आहेत). गळाचं तर असं आहे की दुसऱ्याच माशासाठी लावलेला गळ शार्क गिळतो, दोरी तुटते, शार्क निघून जातो, वरून काही दिसत नाही, आणि गळ पोटात आतल्या आत जखम करत राहतो. मेलेले शार्क उघडून बघितल्यावरच ते कळतं. जन्माला येणं मात्र नीट चालू आहे, हळू आहे पण चालू आहे, मीटरभराच्या पिल्लाला खाणारे फार कमी. म्हणून मारणं कमी झालं की संख्या स्वतःच वर येते, वेळ लागतो एवढंच.

पक्ष्याच्या बाबतीत वरून येणंच आटलंय. जंगल तोडून शेती झाली, आणि तोडलं ते पण चांगल्या जमिनीवरचं जंगल, जिथे झाडं मोठी आणि मध जास्त. उरले ते तुकडे. अशा मोकळ्या तुकड्यांमध्ये नॉइझी मायनर नावाचा तिथलाच एक दांडगा पक्षी कळपाने राहतो आणि दुसऱ्या लहान पक्ष्यांना अक्षरशः हाकलून लावतो, ऑस्ट्रेलियाने तर त्याच्या ह्या दादागिरीला अधिकृतपणे धोक्यांच्या यादीत टाकलंय. घरट्यांवर शिकारी प्राण्यांचे आणि पक्ष्यांचे हल्ले होतात, साधारण तीनातलं एकच घरटं यशस्वी होतं. २०१९-२० च्या वणव्यांमध्ये त्यांच्या विणीच्या जंगलाचाही भाग जळाला.

आणि याच्याही वर एक गोष्ट, जी मला या पक्ष्याबद्दल सगळ्यात जास्त हलवून टाकते. गाणाऱ्या पक्ष्यांना गाणं जन्मतः येत नाही, ते शिकावं लागतं, लहान नर मोठ्या नरांचं ऐकून शिकतात. पक्षी इतके विरळ झालेत की काही लहान नरांना ऐकायला आपल्या जातीचा मोठा नर मिळतच नाही. मग जे कानावर पडतं ते शिकतात. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे प्रसिद्ध केलं: २७ टक्के नरांचं गाणं त्यांच्या भागातल्या नेहमीच्या गाण्यापेक्षा वेगळं होतं, आणि १२ टक्के नर तर आपलं गाणं अजिबात न गाता दुसऱ्याच जातींच्या पक्ष्यांचं गात होते. असे नर जोडी जमवण्यात मागे पडतात, मादी त्यांच्याकडे येत नाही. म्हणजे नर आहे, धडधाकट आहे, मोजणीत तो "एक" म्हणून धरला जातो, पण पुढच्या पिढीत त्याचा वाटा शून्य असू शकतो. शार्कला हा प्रश्नच नाही. ग्रे नर्सचं पिल्लू जन्मलं की आई निघून जाते, त्याला कोणाकडून काही शिकायचं नसतं.

तर तुलना करताना संख्येखाली एक ओळ वाढवा: यातले किती जीव खरोखर पुढची पिढी देऊ शकतात? ही ओळ बहुतेक टेबलांमध्ये नसते.

उपायांची तुलना

गळती कुठे ते कळलं की उपाय लिहिणं सोपं. शार्कसाठी मुख्य शब्द "थांबवा" हा आहे. जमण्याच्या जागांवर गळ टाकणं थांबवा, जाळ्यांची पद्धत बदला, डायव्हरने अंतर ठेवावं. मात्र एकच जागा राखून भागत नाही, कारण मोठ्या माद्या अख्खा किनारा वापरतात, गाभण माद्या उत्तरेला वुल्फ रॉककडे जमतात आणि पिल्लं द्यायला परत दक्षिणेकडे येतात. वाटेत एक ठिकाण उघडं राहिलं तरी गळती चालू. नकाशा द्यायचा असेल तर नुसते ठिपके न देता मादीचा हा प्रवास दाखवा.

पक्ष्यासाठी नुसतं थांबवून चालत नाही, करावं लागतं, आणि वर्षानुवर्षं करत राहावं लागतं. झाडं लावायची, पण निलगिरीला भरपूर मध यायला झाड जुनं व्हावं लागतं, म्हणजे आज लावलेलं झाड आजच्या पक्ष्याच्या कामाचं नाही. विणीच्या जागी नॉइझी मायनर कमी करायचे. पिंजऱ्यात पैदास करून सोडायचे, सिडनीचं टारोंगा झू ह्यात १९९० च्या दशकापासून आहे, आणि २००८ पासून व्हिक्टोरियात चिल्टर्नला व नंतर हंटर भागातही पक्षी सोडले गेले. आणि सोडण्याआधी त्यांना गाणं शिकवायचं! आधी रेकॉर्डिंग ऐकवून बघितलं, मग रानात जन्मलेले मोठे नर शिक्षक म्हणून लहानांच्या शेजारी ठेवले, एका शिक्षकामागे पिल्लं कमी ठेवली तेव्हा ती जास्त चांगली शिकली. एका प्रजातीचं गाणं टिकवायला माणसं एवढी धडपडतायत हे वाचलं की आपल्या टेबलातला "संवर्धन चालू आहे" हा रकाना किती अपुरा आहे ते जाणवतं.

लिहिताना

काही किरकोळ पण उपयोगी गोष्टी पटकन सांगतो. मार्क देऊन "कोण जास्त धोक्यात" असा निकाल लावू नका, त्याने कोणाचंच भलं होत नाही आणि पैसे कमी असतील तर कोणाला सोडायचं असा चुकीचा प्रश्न पुढे येतो. फोटो दोन्हींचे सारख्या प्रकारचे घ्या, पक्षी गोड दिसतोय आणि शार्कचे दात क्लोजअपमध्ये, असं केलंत तर मजकूर काहीही असो, वाचणाऱ्याचं मत फोटोवर बनतं आणि ग्रे नर्सच्या बाबतीत तर दिसण्यावरून मत बनवल्यामुळेच ही वेळ आली. प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष लिहा. आणि मोठं चित्र एखाद्याच ओळीत द्या: जगातल्या पक्ष्यांच्या साधारण आठ प्रजातींतली एक धोक्यात आहे, तर शार्क आणि रे (शार्कचे चपट्या अंगाचे नातेवाईक मासे) मिळून एक तृतीयांशाहून जास्त, आणि शार्क-रे यांच्या बाबतीत जवळजवळ सगळीकडे कारण एकच, अति मासेमारी.

दुसरी जोडी घेतलीत तर निष्कर्ष बदलेल, पद्धत नाही. उदाहरणार्थ दक्षिण-पूर्व आशियातला स्ट्रॉ-हेडेड बुलबुल आणि भर समुद्रातला ओशनिक व्हाइटटिप शार्क. बुलबुलचं गाणं इतकं सुंदर की पिंजऱ्यासाठी पकडून पकडून रानातून संपवला, म्हणजे इथे पक्ष्यालाही गळतीच आहे, मोठे जीवच उचलले जातात. दोघांच्या पुढे "थांबवा" येतं. पण सिंगापूरमध्ये पकडापकडी फारशी नसल्यामुळे तो बुलबुल शहराच्या मधल्या हिरव्या तुकड्यांतही टिकून आहे, तिथे थांबवणं म्हणजे काय आणि कोणी थांबवायचं ते स्पष्ट आहे. व्हाइटटिपसाठी ट्यूना माशांच्या मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१० पासून बोटीवर ठेवायलाच बंदी घातली, तरी तो ट्यूनाच्या लांब दोऱ्यांच्या गळांना अडकतोच, आणि मेलेला शार्क बोटीवर न ठेवता समुद्रात परत टाकला तर कायदा पाळला जातो पण संख्या तेवढीच कमी होते. म्हणून त्याच्या रकान्यात "ठेवायला बंदी" एवढंच लिहून पुढे जाऊ नका, गळाला लागणंच कसं कमी होईल, दोरी किती खोल सोडायची, कुठल्या प्रकारची वापरायची, जिवंत असेल तर कसा सोडायचा, हे शोधून लिहा, कारण त्याची जागा भरायला लागणारी वर्षं तिथूनच मोजायला सुरुवात होते.